सातवी पास

धोंडुबाई वैशाखात भाच्याच्या लग्नाला गेली ती नेमकी मांडव सोडायच्या वेळी. नवं पातळ नेसून, आहेराची पिशवी काखेत मारून ती नागोठण्याला उतरली, तिथून उन्हात तासभर चालली, आणि दारात जाऊन बघते तर केळीचे खुंट सुकून वाकलेले, मांडववाला बांबू सोडतोय आणि ओटीवर सत्यनारायणाचा प्रसाद वाटणं चाललंय. नवरी घरात येऊन दोन दिवस झाले होते. भावजय म्हणाली, "या, आमाला वाटलं रुसलात."

पत्रिका तिला विमलबाईनं वाचून दाखवली होती.

संध्याकाळी परत आल्यावर धोंडुबाई घरीसुद्धा गेली नाही. पिशवी तशीच काखेत, ती सरळ विमलबाईच्या अंगणात येऊन उभी राहिली. विमलबाई सुपात तांदूळ पाखडत होती.

"विमल, तू अकरा तारीक सांगितलीस गो. अकराला पूजा व्हती. लगीन नवाला झालं."

विमलबाईचं सूप थांबलं. पत्रिकेतले आकडे तिनं बरोबर ओळखले होते. आठ, नऊ, अकरा. कुठल्या आकड्याशेजारी काय लिहिलंय ते मात्र उमगलं नव्हतं. शेवटचा आकडा तोच लग्नाचा, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"डोल्यांचं काय सांगू बाय," ती म्हणाली. "समदं धुरकट दिसतं. चष्मा करायचा ऱ्हायलाय."

धोंडुबाईला ते पटलं. आठ दिवसांत गावाला पटलं. विमलबाईची नजर गेली.

रोह्याजवळच्या अष्टमी गावापासून कोसभर आत असलेल्या त्या गावात विमलबाई सून म्हणून आली तेव्हा सही करणारी ती एकटी सून होती. माहेर पेणकडच्या जिते गावचं. सातवीपर्यंत शाळा झाली आणि तीही पहिल्या नंबरानं. तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी, नद्यांची नावं, सगळं तोंडपाठ. पुढं पेणला धाडायचं तर धाकट्या गोपाळला कोण सांभाळणार, म्हणून बापानं नाव काढलं. मग तिनं गोपाळला सांभाळलं. जमिनीवर राख पसरून त्याचं बोट धरून अक्षरं गिरवून घेतली. गोपाळ शिकला, मास्तर झाला, पेणला राहून शाळा करून गेल्या साली रिटायर झाला आणि जित्याच्या घरी परत आला. विमलबाईचं लग्न गोविंदाशी झालं. गोविंदा शाळेच्या ओटीवर पावसात आडोशाला उभा राहिला असेल तेवढाच.

सासरी पहिली पाच-सात वर्षं गावाची पत्रं तीच वाचायची. बायका अंगठ्याला शाई लावत तिथं ती पेन मागून घ्यायची. श्रावणात तिच्या ओटीवर पोथी व्हायची, बायका वाती वळत ऐकायच्या.

मग कधी गेलं ते तिलाही सांगता आलं नसतं. पहाटे उठावं, शेण काढावं, भाकऱ्या थापाव्यात, राब भाजायला पाला तोडावा, भातरोपांचं आवण काढावं, लावावं, तण बेणावं, कापावं, झोडावं, भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरावा. यात कागद हातात येतो कुठं? पत्रं बंद झाली, फोन आले. आधी जोडाक्षरं गेली. पोथीत तसं अक्षर आलं की ती अंदाजानं पुढं जायची, पोथी तशी पाठच होती. मग भ आणि म, घ आणि ध एकमेकांत मिसळले. मग एका श्रावणात पोथी उघडली तर पानभर मुंग्या पसरल्यासारखं दिसलं. घसा बसलाय म्हणून तिनं पोथी मिटली, ती मिटलीच. पाढे साताच्या पुढं सरकेनात. नद्या आटल्या. शाळेतलं काय उरलं, तर मास्तरांच्या तपकिरीचा वास आणि स्वतःची सही. सही तिला येत होती, पण रांगोळीतलं कमळ येतं तशी. कुठली रेघ कुठल्या अक्षराची, ते विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तिचा मुलगा नितेश लहान होता तेव्हा अभ्यासाला बसला की ती चुलीशी बसून "मोठ्यानं वाच" म्हणायची आणि ऐकून चुका काढायची. नितेश बारावी झाला, रोह्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं लागला, अपेक्षा सून होऊन आली. तीही बारावी. आपली आई सातवी पास, हे नितेश अजून लोकांना सांगायचा.

नवरात्रात त्याला दोन शिफ्टच्या मधली सुट्टी मिळाली तेव्हा तो तिला मोटरसायकलवर बसवून रोह्याला घेऊन गेला. चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत तिला उंच खुर्चीत बसवलं. पाय लोंबकळत राहिले. नाकावर लोखंडी सांगाडा चढवला आणि समोरच्या अक्षरांच्या बोर्डावरचा दिवा लागला.

"वाचा आजी. वरून."

सगळं पुसट होतं. तिनं तसं सांगितलं. दुकानातल्या पोरानं एक भिंग घातलं.

"आता?"

"नाय."

दुसरं घातलं. आणि अक्षरं एकदम पुढं आली. काळीभोर, कडा कोरल्यासारखी. इतकं स्वच्छ तिला कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. बोर्डाचा खिळा दिसला, खिळ्याखाली भिंतीचा उडालेला पोपडा दिसला. अक्षरांची वळणं दिसली, काने, मात्रा, डोक्यावरच्या रेघा. आणि त्यातलं एकही तिच्याशी बोलेना.

इतकी वर्षं तिनंही कुठंतरी धरून ठेवलं होतं की डोळ्यांचाच दोष असेल.

"हे पहिलं काय आहे?" पोरानं काठीनं दाखवलं.

"म," ती म्हणाली.

पोरगा थांबला. "म? नीट बघा. आजी शाळेत गेल्यात ना? नसतील तर चित्रांचा बोर्ड लावतो, काही हरकत नाही."

"ओ, सातवी शिकलीय आई," मागून नितेश म्हणाला. "पैल्या नंबरानं."

"धुरकट दिसतंय," ती म्हणाली. पोरानं अजून एक भिंग चढवलं. "आता?" "धुरकट." अजून एक. आता खरंच सगळं डोळ्यांपुढं हलायला लागलं. बरीच जाड भिंगं झाली तेव्हा ती म्हणाली, "हां. आता बरं हाय." पोरानं वहीत काहीतरी लिहिलं आणि पुन्हा काही वाचायला लावलं नाही.

चार दिवसांनी चष्मा आला. तो लावला की जमीन फूटभर वर यायची आणि पायरी कुठं संपते ते कळायचं नाही. पहिल्याच दिवशी ती न्हाणीशी पडली, गुडघा सोलवटला. तरी नितेश घरात असला की ती तो लावून बसायची.

भात कापणीला आलं तेव्हा गोपाळचा फोन आला. आई जाऊन वर्ष व्हायचं होतं. बापामागं जित्याच्या जमिनीवर आईचं एकटीचं नाव होतं.

"ताई, आईच्या जागी आपली नावं लागायचीत. त्याच्या सह्या आहेत. येत्या शुक्रवारी पेणला ये, मी कचेरीशी उभा असतो."

तिनं गोविंदाला विचारलं. गोविंदा विळ्याला धार लावत होता. आभाळ चार दिवस भरून येत होतं आणि अर्ध्या खाचरातलं भात कापून आडवं पडलेलं.

"तू जाऊन ये," तो म्हणाला. "मी आलो तर हे कोन उचलील? तुजा भाव हाय, आनि तुला काय वाचता येत नाय?"

ती गेली. गाडीनं पेण, तिथून पायी. गोपाळ पांढऱ्या शर्टात उभा होता, सोबत त्याची बायको लतिका आणि मुलगा विराज. गोपाळ वाकून पाया पडला. "चष्मा केलास का ताई? छान दिसतो."

आत माणसं दाटलेली. दोन तास बाकावर बसून तिच्या पाठीत कळ भरली. मग नाव पुकारलं. टेबलामागच्या माणसानं चार-पाच कागद तिच्यापुढं सरकवले.

"कागद वाचलात ना मावशी? समजलं सगळं?"

तिनं कागद हातात घेतले. भिंगांतून ओळी नागमोडी हलत होत्या. गोपाळ उजवीकडं उभा होता. 'गोपाळा, तू वाचून दाखव' एवढं म्हणायचं होतं. राखेत ज्याचं बोट धरलं त्याला. लतिका बघत होती, विराज मोबाइलमधून मान वर काढून बघत होता, आणि मागची माणसं पुढं ढकलत होती. तिनं पहिलं पान वरून खालपर्यंत डोळ्यांखालून घातलं. वाचायला माणसाला वेळ लागतो तेवढा अदमासे लावला. पान उलटलं. दुसऱ्यावरही तसंच केलं.

"वाचलं," ती म्हणाली.

"वाचता येतं ना तुम्हाला? नाहीतर वाचून दाखवावं लागतं."

"सातवी पास हाय मी."

माणसानं मान डोलावली. तिनं पेन धरलं. कोयत्यानं घट्टे पडलेल्या बोटांत ते निसटत होतं. तिनं प्रत्येक कागदावर रांगोळी काढावी तशी सही काढली, विमल गोविंद मोकल. मग यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला, तेव्हा ती थबकली. गोपाळ म्हणाला, "तो सगळ्यांचाच घेतात गं." फोटो काढताना चष्मा उतरवायला सांगितला. तेवढंच तिला बरं वाटलं.

गोपाळनं तिला मिसळ खाऊ घातली आणि गाडीत बसवून दिलं. ती घरी पोचायच्या आत पाऊस आला. अंधार पडेतो ती, गोविंदा आणि अपेक्षा भिजलेले भारे बांधावर ओढत होती. तरी निम्म्याला मोड आले.

ते भात ज्या जमिनीतलं, ती त्यांची नव्हती. त्यांची स्वतःची घरामागची दहा गुंठे. बाकी ते जमीनमालक प्रविणची जमीन अर्धेलीनं, निम्मं पीक त्याला देऊन करत, गोविंदाच्या बापापासून. झोडणी झाली आणि प्रविण गाडी घेऊन बांधावर आला. खाली उतरला नाही, काच खाली केली.

"गोविंदाकाका, वाल पेरू नका या साली. तारेचं कुंपण घालायचंय. पुढंही नाय जमायचं."

गोविंदानं डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. "मंग आमी करायचं काय?"

"नितेश हाय ना कंपनीत," प्रविण म्हणाला आणि काच वर केली.

नितेशला ठेकेदारानं महिन्यातून बारा दिवस बोलवायला सुरुवात केली होती. पौषात एका सकाळी सगळी चुलीशी बसलेली असताना विमलबाई म्हणाली, "जित्याला माजं नाव हाय. निम्मी माजी. स्टेशनाकडची खाचरं आपन मागून घेऊ. गोपाळ नाय म्हननार नाय. जाऊन येऊन करू, नायतर झोपडी घालून ऱ्हाऊ."

हे बोलताना तिला हलकं वाटलं. आपल्या सहीचं काही चीज झालं.

अपेक्षानं मोबाइलवर सातबारा काढला. तिनं बोटानं पडदा वरखाली केला, पुन्हा केला. मग नितेशला दाखवला.

"काय गो?" विमलबाईनं विचारलं.

"आई, यात तुमचं नाव नाय. गोपाळमामा आणि विराज, दोघंच."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. तुमचं नाव लागलं होतं. मग गेलं. हक्कसोड केलंय तुम्ही."

नितेश उठून उभा राहिला. "आये, तू पेणला हक्क सोडून आलीस? आमाला न सांगता?"

चुलीत लाकूड तडतडलं. विमलबाईनं ते आत सारलं.

"वाचून सही केलीस ना?" त्याचा आवाज चढला. "वाचलं व्हतंस का नाय?"

"वाचलं व्हतं," ती म्हणाली.

"म्हंजे कळून दिलंस. भावाला दिलंस." तो चहा तसाच टाकून निघून गेला. त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. अपेक्षा भांडी आदळत नसे, पण ताट पुढं ठेवून लगेच वळायची. धोंडुबाईपर्यंत गेलं की विमलनं पोराच्या तोंडचं काढून भावाला दिलं. विमलबाई ते ऐकून घ्यायची. दुसरं जे खरं होतं ते सांगण्यापेक्षा हे ऐकणं तिला सोपं वाटत होतं. महिनाभर तसंच चाललं. रात्री तिचा डोळा लागेना, पाठ धरली, अंगावरचं पोलकं सैल झालं.

माघात एकदा गोविंदा म्हणाला, "चल, जित्याला जाऊ."

गोपाळच्या अंगणात वाळूचा ढीग होता. स्टेशनाकडच्या खाचरात खांब रोवलेले दिसत होते. विराज तिथं घर बांधायला निघाला होता. लतिकानं पाणी दिलं. गोविंदा ओटीच्या कडेला टेकला. विमलबाई उभीच राहिली.

"गोपाळा, तू मला सांगितलंस नावं लावायचीत."

"लावली की. आधी लावली, मग हक्कसोड. पुन्हा पुन्हा नको फेऱ्या म्हणून सगळं एकदम केलं." गोपाळ तिच्याकडं बघत नव्हता. "ताई, कागद तुझ्या हातात होते. दोन पानं वाचलीस. मी बाजूलाच उभा होतो. म्हटलं, आता ताई काहीतरी बोलेल. तू बोलली नाहीस, सही केलीस. मला वाटलं, मान्य आहे. मला तर भरून आलं होतं."

"सगळ्याच बहिणी सोडतात भावाला," लतिका दारातून म्हणाली. "माझ्या नणंदेनं काही जगावेगळं नाही केलं. आणि शिकलेल्या बाईला फसवलं असं कसं म्हणता येईल?"

गोपाळ आत गेला आणि कागदाची नक्कल घेऊन आला. ती तिच्या हातात दिली. "हे बघ. पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात लिहिलंय. वाच. तूच वाच."

तिनं चष्मा लावला. ओटी हलायला लागली. तिनं चष्मा काढून गोविंदाकडं दिला आणि कागद डोळ्यांजवळ आणला, मग लांब धरला. मोठी अक्षरं स्वच्छ दिसत होती. तिनं बोट ठेवलं. शाळेत ठेवायची तसं.

"ह," ती म्हणाली.

तिनं बोट पुढं सरकवलं.

"ह... क... क..." बोट तिथंच अडलं. खाली काहीतरी चिकटलेलं होतं, अक्षराला अक्षर. "हक... फ..."

"क ला क," गोपाळच्या तोंडून निघून गेलं. पस्तीस वर्षांची सवय. "हक्क."

"हक्क," ती म्हणाली. कपाळावरून घाम नाकावर आला. "स. स ला... सा... सो... सोध..."

"ध नाही. ड. सोड." एवढं म्हणून गोपाळ थांबला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "ताई, तुला वाचता येत नाही?"

"येत व्हतं."

"कधीपासून?"

"तुला शिकवलं तवा येत व्हतं."

गोपाळ वाळूच्या ढिगाकडं बघत उभा राहिला. एकदा त्याचा हात कागदाकडं आला आणि परत गेला. लतिका आत जाऊन कप वाजवू लागली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "ती खाचरं आता विराजच्या नावावर झालीत. त्यानं घराचं काढलंय. माझ्या हातात काही राहिलं नाही. दरसाल तांदूळ धाडत जाईन, ताई. मी हयात आहे तोवर."

विमलबाईनं कागद घडी घालून ओटीवर ठेवला. चहा आला तेव्हा ती दोघं अंगणाबाहेर पडलेली होती.

जित्याच्या फलाटावर माणूस नव्हतं. रोह्याकडं जाणारी गाडी यायला दीड तास होता. ती दोघं बाकावर बसली. समोर खाचरांत हिरवा वाल उभा होता, कोणाचा तरी.

"आता पोराला काय सांगू?" ती म्हणाली.

"खरं सांग."

"खरं म्हंजे..." ती त्याच्याकडं वळली. "तुमी ओटीवर ऐकलं ना? तुमाला काय वाटलं नाय?"

गोविंदा तिचा चष्मा हातात फिरवत होता. "मला ठावं व्हतं."

"कवापासून?"

"पोथी मिटलीस त्या श्रावनापासून. घसा बसला म्हनलीस, आनि दुसऱ्या दिशी शेतात गानी म्हनत व्हतीस."

"मंग बोलला नाय कवा?"

"काय बोलू?" तो म्हणाला. "माज्या बापानं अंगठा केला, मी अंगठा करतो. घरात एक तरी शिकलेलं मानूस हाय, असं वाटायचं. गावातबी वाटायचं. ते कशाला मोडू?"

वारा सुटला. वालाची पानं उलटीपालटी झाली.

"पेणला मला एकलीला धाडलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "येत नाय हे ठावं असून."

त्यानं चष्म्याची दांडी मिटली, उघडली.

"भात भिजत व्हतं," तो म्हणाला.

गाडी आली तेव्हा उन्हं कलली होती. गोविंदानं आधी चढून हात खाली दिला. तिनं तो धरला नाही. दांडीला धरून ती आपली आपण चढली आणि त्याच्यासमोरच्या बाकावर खिडकीशी बसली. गाडी सुटली. फलाटाच्या टोकाला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव होतं, तिच्या माहेरचं. पाटी जवळ आली, खिडकीसमोरून गेली. ती नाहीशी होईपर्यंत विमलबाई तिच्याकडं बघत होती. ओठ हलत होते.